मागच्या दांड्याचा पीळ

पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना एक डावे वळण लागते. आत शिरताना ते सैल वाटते आणि मध्यावर पोहोचल्यावर आवळत जाते. गेली अकरा वर्षे मी रविवारी पहाटे त्या रस्त्याने उतरतो आहे. माझा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर क्वचितच जातो, तरीही त्या वळणाच्या मध्यावर गाडीचे नाक हळूच उजवीकडे, मधल्या रेषेच्या दिशेने, सरकू लागते. स्टीअरिंग आणखी वळवावे तर हाताला जडपणा जाणवतो, पण गाडी तेवढ्या प्रमाणात वळत नाही. समोरून एसटी येत असेल तर हे दोन-चार वितींचे सरकणेसुद्धा नकोसे होते. मला घाटात शर्यत लावायची नव्हती. मी हाताने जे सांगतो ते गाडीने तेव्हाच्या तेव्हा ऐकावे, एवढेच मला हवे होते, आणि त्या इच्छेतून मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा, बदलण्याचा विचार माझ्या डोक्यात आला. निर्णय घ्यायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. त्या वर्षात जे समजले ते येथे लिहितो आहे.

माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक जोडदांड्यांनी स्वतंत्र धरणारी रचना) असलेली जुनी सेडान आहे. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दांड्याची मापे गाडीगणिक बदलतात आणि कोणी माझा आकडा उचलून स्वतःच्या गाडीला लावू नये असे मला मनापासून वाटते. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतात, ओढण्याचे आणि वळण्याचे दोन्ही काम पुढचीच चाके करतात, आणि म्हणून मर्यादा आली की आधी पुढची पकड सुटते. यालाच अंडरस्टीअर म्हणतात. बनवणाऱ्यांनी हा स्वभाव जाणूनबुजून ठेवलेला असतो. घाबरलेला माणूस अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, पाय उचलला की भार पुढे येतो, पुढच्या चाकांना पुन्हा पकड मिळते आणि गाडी वळणात परत येते. म्हणजे चालकाच्या चुकीच्या क्षणीसुद्धा गाडी त्याला सांभाळून घेते. जो माणूस मागचा बार जाड करतो तो या सांभाळून घेण्यात हात घालतो, आणि खरेदीच्या आधी त्याने हे नीट ओळखले पाहिजे.

आपल्याकडे गॅरेजमध्ये या वस्तूला कोणी स्टॅबिलायझर रॉड म्हणते, कोणी नुसताच दांडा. कॅनडातील फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि मूळ कल्पना तेव्हापासून आजपर्यंत तीच आहे. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला पोलादी दांडा गाडीच्या आडव्या बाजूने जातो, मध्ये दोन बुशांमध्ये, म्हणजे रबरी कड्यांमध्ये, तो धरलेला असतो आणि त्याची दोन टोके लिंक रॉडने डाव्या व उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. त्यामुळे गतिरोधक सरळ ओलांडताना तुमच्या गाडीत जाड बार आहे की बारीक, हे कळणारही नाही. परंतु वळणात गाडी कलते, बाहेरचे चाक दबते, आतले लोंबते, आणि मग ओले धोतर पिळताना दोन हात उलट दिशांना जावेत तशी दांड्याची दोन टोके उलट फिरून त्याला पीळ बसतो. त्या पिळाचा विरोध म्हणजेच बारचे काम होय.

येथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते, आणि गैरसमजही येथूनच सुरू होतो. बार लावला की गाडी कमी कलते आणि कमी कलली म्हणजे पकड वाढली, असे समजले जाते. प्रत्यक्षात वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील अंतर आणि वळणाचा जोर यांवरून ठरते. चौदाशे किलोची गाडी धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि चाकांमधील अंतर दीड मीटर धरा. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ती वळली तर सुमारे २५७ किलो भार आतून बाहेर सरकतो. जगातला कोणताही दांडा या २५७ किलोंमध्ये म्हणण्यासारखी घट करू शकत नाही. दांडा एवढेच ठरवतो की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या.

ही वाटणी महत्त्वाची ठरते ती टायरच्या एका स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, दुपटीहून काहीशी कमीच भरते. म्हणून दोन चाकांवर सारखा भार असलेली जोडी, एकावर जास्त आणि एकावर कमी भार असलेल्या जोडीपेक्षा, मिळून अधिक पकड देते. मागचा बार ताठर केला की भाराच्या सरकण्यातला अधिक वाटा मागची जोडी उचलते, पुढच्या जोडीवरचा भार थोडा समतोल राहतो आणि पुढच्या टायरांना जमिनीशी घट्ट बोलता येते. म्हणजे मागचा जाड बार पुढच्या चाकांना पकड देतो आणि तिची किंमत मागच्या चाकांकडून वसूल करतो. मला जेव्हा हे पहिल्यांदा नीट उमगले, तेव्हा ‘किती जाड बार घ्यावा’ हा प्रश्न माझ्यासाठी बदलला. मागच्या चाकांकडून किती घेतलेले मला आणि माझ्या रस्त्याला परवडेल, असा तो झाला.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते, कारण आपल्या गावात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या रूपाने कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, रुजलेले आहे आणि कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते यांच्यासारखे चालक येथून पुढे गेलेले आहेत. कार्टला सस्पेन्शन नसते, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल नसते, आणि मागची दोन्ही चाके एकाच सलग अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात. दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावे लागत असल्यामुळे ते यंत्र वळायलाच तयार नसते. म्हणून त्याची पुढची भूमिती अशी ठेवतात की स्टीअरिंग वळवताच आतले मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले जावे. ट्रॅकच्या कडेला गुडघ्यांवर बसून पाहिले तर वळणात त्या चाकाखालून उजेड दिसतो. मागून घेऊन पुढे देण्याचे हे टोकाचे रूप होय. ट्रॅकवर ते शोभते, कारण तेथील डांबर रोज तेच असते.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मोजमाप विभागात काम करतो, त्यामुळे पहिली गोष्ट केली ती मूळ दांडा मोजण्याची. गाडी रॅम्पवर घेतली, चिखल तारेच्या ब्रशने साफ केला, एका जागी रंगाचा पापुद्रा पॉलिश पेपरने उतरवला आणि व्हर्नियर लावला. माप १९ मिलिमीटर भरले. तीन ठिकाणी पाहिले, तिन्ही ठिकाणी तेच. मग जो रंग मी उतरवला होता तो पुन्हा लावला, कारण अशा दांड्यावर गंजाचा एक खड्डासुद्धा पुढे तडा सुरू करायला पुरतो.

बाजारात माझ्या गाडीसाठी २१, २२ आणि २४ मिलिमीटरचे बार मिळत होते. कानाला हे आकडे अगदी जवळजवळचे वाटतात. दोन-तीन मिलिमीटरने काय होणार, असे मलाही कोणी ऐकवले होते. परंतु भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ वरून २१ वर गेलात तर दांडा सुमारे ४९ टक्के अधिक ताठर होतो, २२ वर गेलात तर सुमारे ८० टक्के, आणि २४ वर गेलात तर तो मूळच्या अडीचपट होतो. पाच मिलिमीटरमध्ये, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही कमी रुंदीत, गाडीचा स्वभाव पालटू शकतो. अर्थात मागच्या बाजूच्या एकूण ताठरपणात स्प्रिंगांचाही वाटा असतो आणि बुश व लिंकही थोडे दबतात, त्यामुळे दांडा ८० टक्के ताठर झाला म्हणजे गाडीची मागची बाजू ८० टक्के ताठर झाली असे होत नाही. तरीही विक्रेता जेव्हा फक्त व्यास सांगतो तेव्हा ग्राहकाने मनातल्या मनात चौथा घात करून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

व्यासाबरोबर दांड्याच्या हातांची लांबीही विचारावी लागते. टोकाकडचा हात जितका आखूड तितका विरोध जास्त, आणि तोही लांबीच्या वर्गाने. समायोज्य बारला टोकापाशी दोन किंवा तीन भोके असतात ती यासाठीच. लिंक बाहेरच्या भोकात लावली तर हात लांब आणि बार मऊ, आतल्या भोकात लावली तर हात आखूड आणि बार ताठर. २०० मिलिमीटरचा हात १८० वर आणला तर विरोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. पोकळ बारची गोष्ट निराळी आहे. दांड्याच्या गाभ्यातले पोलाद पिळात फारसे काम करत नाही, काम करते ते बाहेरचे. म्हणून साडेतीन मिलिमीटर जाडीच्या भिंतीची २४ मिलिमीटरची नळी २२ च्या भरीव दांड्याहून किंचित अधिकच ताठर असते आणि तिचे वजन मात्र सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरते. म्हणजे ‘२४’ हा आकडा ऐकून घाबरण्याआधी किंवा हुरळून जाण्याआधी तो भरीव आहे की पोकळ, हे विचारले पाहिजे.

येथे एक मोह आडवा आला, आणि तो खास कोल्हापुरी होता. माझ्या गाडीचे काम करणारे मामा दांडा हातात घेऊन म्हणाले, “दांडाच की ह्यो. उद्यमनगरात दिला तर संध्याकाळपर्यंत वाकवून आणतो बघा.” शिवाजी उद्यमनगरावर माझा विश्वास आहे. तेथल्या लेथांवर आणि ओतशाळांमध्ये या शहराचे हात घडलेले आहेत, आणि नमुना पाहून वस्तू उभी करण्याची तेथील हातोटी मी रोजच्या कामात पाहतो. तरीही मी मामांना नाही म्हणालो, आणि ते का, हे त्यांना समजावताना माझेच विचार स्वच्छ झाले.

सर्व पोलादांचा पिळाला होणारा प्राथमिक विरोध जवळजवळ सारखाच असतो. ईएन-८ या साध्या पोलादाच्या सळईचा दांडा केला काय आणि स्प्रिंगच्या पोलादाचा केला काय, व्यास आणि आकार तोच असेल तर दोन्ही पहिल्या दिवशी सारखेच ताठर वाटतील. फरक पडतो तो सहनशक्तीत. साधी सळई मोठा पीळ बसला की पूर्ण परत येत नाही, थोडी वाकडीच राहते, आणि हजारो पिळांनंतर वाकाच्या जागी तडकते. स्प्रिंगच्या पोलादाला आकार दिल्यावर तापवून तेलात विझवावे लागते, मग पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो, आणि चांगले उत्पादक त्यानंतर पृष्ठभागावर पोलादी छर्‍यांचा मारा करतात, म्हणजे तडा सुरू होण्याची शक्यता कमी होते. याउलट तयार दांडा कोणी गॅसच्या ज्योतीवर लाल करून थोडा ‘बसवून’ दिला, तर त्या जागेची सगळी कमाई निघून जाते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. पोलादाचे मात्र उलट आहे, तेथे दांडा शाबूत दिसतो आणि पीळ झेलण्याची ताकद जळून गेलेली असते. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग तयारच आणा. घाटात तुटला तर माझ्या जिवाला घोर.” त्या वाक्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

जाड बार घेण्यापासून मला खऱ्या अर्थाने परावृत्त केले ते मात्र गणिताने नव्हे. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसात मी मावसभावाच्या हॅचबॅकमध्ये शेजारी बसून करूळ घाट उतरत होतो. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकप्रमाणे त्या गाडीला मागे ट्विस्ट बीम होता. या रचनेत दोन चाकांना जोडणारी आडवी तुळईच पीळ घेते, म्हणजे अँटी-रोल बारचे काम तिच्यातच सामावलेले असते. अशा गाडीला बाजारातला बार लावायचा म्हणजे जुना काढून नवा बसवायचा नसतो, तर असलेल्या ताठरपणात आणखी एक दांडा बोल्टने जोडायचा असतो. भावाने एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मिळतो तो सर्वांत जाड दांडा लावला होता. कोरड्या रस्त्यावर ती गाडी खरोखर सुरेख वळायची, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्या दिवशी डोंगराकडून वाहून आलेली तांबडी माती एका डाव्या वळणावर पसरली होती. ती पाहताच भावाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. उतार होता, पाय उचलल्यामुळे भार आणखी पुढे गेला, मागची चाके हलकी झाली, त्यातच मागचा दांडा भाराची असमान वाटणी मागेच करत होता, आणि खाली ओली माती होती. गाडीची मागची बाजू आवाज न करता उजवीकडे गेली. मला खिडकीतून डोंगराऐवजी आम्ही आलो तो रस्ता दिसला. गाडी आडवी होऊन नाक डोंगराकडच्या गटारीत टेकले आणि थांबली. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून आज हे लिहितो आहे. जी सवय मूळ गाडीत माणसाला वाचवते, तीच पाय उचलण्याची सवय या गाडीत उलटली. अशा वेळी मागची बाजू जिकडे चालली असेल तिकडे स्टीअरिंग द्यावे आणि ब्रेक न दाबता हलका अ‍ॅक्सिलरेटर ठेवावा, हे शास्त्र पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीसाठी बरोबर आहे. परंतु घाटात, भिजलेल्या मातीवर, अर्ध्या सेकंदात, शेजारी माणूस ओरडत असताना ते हातून घडेल असे गृहीत धरून दांडा निवडणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून मी निवडीची कसोटी बदलली. पन्हाळ्याचे ते पहाटेचे कोरडे वळण बाजूला ठेवले आणि माझ्या गाडीला वर्षभरात जो सर्वांत वाईट रस्ता तुडवावा लागतो तो समोर घेतला. तो रस्ता म्हणजे कळे, साळवण करत गगनबावड्याकडे जाणारा, कारण आमचे मूळ गाव त्या बाजूला आहे आणि जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊसही तिकडेच पडतो. जुलैत तेथे डांबराच्या कडा खचतात, खड्डे एकाच चाकाखाली येतात. थंडीत गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, वळणात ट्रॉलीतून ऊस सांडतो, मागची चाके तो चिरडतात आणि रस्त्यावर चिपाडांचा ओलसर थर बसतो. त्यावरून वळताना स्टीअरिंग क्षणभर हलके होते, ते या भागातल्या प्रत्येक चालकाला माहीत आहे. आणि मागच्या सीटवर आबा असतात. आबांचे वय ७८ आहे, त्यांच्या कमरेला दुखणे आहे. ताठर बारमुळे एका चाकाला बसलेला धक्का दांड्यातून दुसऱ्या चाकाकडेही पोहोचतो, गाडी डावी-उजवीकडे झटके देते, आणि मागच्या सीटवर बसलेल्याचे डोके त्या तालावर हलते. चालकाला हे फारसे जाणवत नाही, कारण त्याच्या हातात स्टीअरिंग असते. तो हिशेब मी आबांच्या वतीने करायला हवा होता.

या कसोटीवर २४ चा प्रश्न लगेच मिटला. २२ चा दोन भोकांचा बार मला बराच काळ खुणावत राहिला, कारण बदलता येण्याजोगी वस्तू मोजमाप करणाऱ्या माणसाला आवडते. पण स्वतःलाच विचारले की जूनमध्ये भोक बदलायला तू खरोखर गाडीखाली जाणार आहेस का, आणि प्रामाणिक उत्तर नाही असे आले. शिवाय बाहेरच्या भोकात ठेवूनही तो मला लागणाऱ्या बदलाच्या पुढेच जात होता. मी २१ मिलिमीटरचा भरीव, एकाच भोकाचा बार घेतला.

त्याआधी दोन गोष्टी केल्या, आणि त्या न करता बार घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. माझ्या मागच्या टायरांवर २३१७ होते, म्हणजे ते २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले, वरून नक्षी शिल्लक आणि आतून रबर कडक झालेले. चारही टायर नवे घेतले. मागचे शॉकअप तेलकट झाले होते, तेही बदलले आणि अलाइनमेंट करून घेतली. एवढ्यानेच नाकाचे सरकणे बरेच कमी झाले, आणि मला असे वाटते की पुष्कळ लोकांचा शोध येथेच संपायला हरकत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही. बारचा उल्लेख नोंदणीच्या कागदावर नसतो, तरीही विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवलेला बरा, आणि मी तो कळवला.

बसवण्याचे काम मामांनी एका दुपारी केले. नव्या बारबरोबर पॉलियुरेथेनचे बुश आले होते. ते रबरापेक्षा कमी दबतात, पण कोरडे बसवले तर काही दिवसांत कण्हू लागतात, म्हणून त्यांच्या आतल्या अंगाला सिलिकॉन ग्रीस लावावे लागते, साधे पेट्रोलियम ग्रीस चालत नाही. मामांनी बोटावर ग्रीस घेऊन बुशाच्या प्रत्येक खाचेत ते भरले, बुश दांड्यावर चढवला, हाताने मागेपुढे फिरवून पाहिला, काढला, पुन्हा भरला. पट्ट्यांचे बोल्ट आधी हातानेच लावले. लिंक रॉडच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर टेकल्यावर, चाकांवर भार असताना आवळायचे, नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत बसते आणि लवकर फाटते. दांडा ब्रेकच्या पाइपला किंवा सायलेन्सरला कोठे लागत नाही ना, हे चाक पूर्ण लोंबलेले असताना आणि पूर्ण दबलेले असताना अशा दोन्ही वेळी पाहिले. ठरावीक जोराला आवळणाऱ्या टॉर्क रेंचचा ‘कट्’ असा आवाज झाला की मामा त्या बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढत होते.

फरक मनाचा खेळ ठरू नये म्हणून मी तो मोजला. गोकुळ शिरगावमध्ये एका परिचितांच्या कारखान्याचे मोठे काँक्रीटचे आवार रविवारी मोकळे असते. तेथे १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने आखले, स्टीअरिंगच्या माथ्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि बार बदलण्याच्या आदल्या रविवारी व नंतरच्या रविवारी त्याच टायरांवर, त्याच हवेच्या दाबाने फेऱ्या मारल्या. ताशी ३५ किलोमीटरला त्या वर्तुळात गाडी गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.६४ पट जोराने वळत असते, हा जोर रस्त्यावर सभ्यपणे वळताना लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त आहे. जुन्या बारवर वेग २५ वरून ३५ वर नेला की वर्तुळ राखण्यासाठी चिकटपट्टी चार बोटे आणखी वळवावी लागत होती. नव्यावर ती दोन बोटांवर आली. म्हणजे अंडरस्टीअर गेलेला नाही, निम्म्यावर आला आहे, आणि मला तो हवाही तेवढाच होता. मुद्दाम पाय उचलून पाहिला तेव्हा नाक आत आले, मागची बाजू मात्र आपल्या जागी राहिली. मग आवारावर पाण्याचा टँकर सोडून ओल्यावरही तेच केले, बर्‍याच कमी वेगाने, आणि निकाल समाधानकारक लागला.

पन्हाळ्याच्या त्या वळणावर आता मी हात एकदाच ठेवतो. वळण आवळायला लागते तेव्हा अर्धा बोटभर वाढवले की गाडी ते ऐकते आणि मधली रेषा उजवीकडे आपल्या जागी राहते. वेग पूर्वी होता तेवढाच आहे. गगनबावड्याच्या रस्त्यावर एका बाजूच्या खड्ड्यांत मागून पूर्वीपेक्षा किंचित जास्त हेलकावा जाणवतो, हे मी नाकारत नाही. आबा पहिल्या फेरीत साळवणपर्यंत जागे होते. उतरताना त्यांनी विचारले, “टायर बदललेस होय रे?” मी हो म्हणालो, आणि दांड्याचेही सांगितले. ते म्हणाले, “कंबर काही बोलली नाही,” आणि आत गेले.

जुना १९ चा दांडा तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, त्याचे बुश आणि बोल्ट एका डब्यात त्याच्याच शेजारी आहेत. पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा रॅम्पवर घेतली. मामांनी हातातला दिवा एकेका बोल्टजवळ नेला, अंगठ्याने चिखल पुसला. चारही पिवळ्या रेघा सरळ जुळलेल्या होत्या.